केबिन आपली, खोरं सगळ्यांचं

कामशेतला जुना महामार्ग सोडून पवनानगरच्या रस्त्याला लागलं की दहा मिनिटांत या धंद्याची सगळी परिभाषा पाट्यांवर वाचून होते. एनए प्लॉट, लेकव्ह्यू व्हिला, प्रायव्हेट पूल, टेंट, डोम, ए-फ्रेम आणि अलीकडे सर्रास 'नेचर केबिन'. मुळशीला जा, कर्जतला जा, भंडारदऱ्याला जा, पाट्या बदलत नाहीत. पुण्या-मुंबईत पिचलेल्या माणसाला दोन-तीन दिवस झाडांत नेऊन सोडायचं, त्याला झोप आणि चार घास गरम अन्न द्यायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, असा हा व्यवसाय. नोकरी सोडून तो करावा असं मनात घोळवणारं कुणी ना कुणी आता प्रत्येक मित्रमंडळात सापडतं. बऱ्याचदा तो माणूस स्वतःच थकलेला असतो, आणि आपल्याला जे हवंय तेच लोकांना विकावं, इतका साधा त्याचा हिशेब असतो.

हा हिशेब अगदीच चुकीचा नाही. मागणी खरी आहे. पण ग्यानबाची मेख अशी की इथे गिऱ्हाईक केबिनचे पैसे देत नाही, शांततेचे देतं, आणि शांतता मालकाच्या सातबाऱ्यावर नसते. ती समोरच्या डोंगराची असते, खालच्या पाण्याची असते, रस्त्यापलीकडच्या वस्तीची असते. शेजारच्या गटात एकाने स्पीकर लावला की आपल्या पंधरा लाखांच्या केबिनची किंमत त्या रात्रीपुरती शून्य होते. या धंद्यातले जवळपास सगळे प्रश्न, पैशांचे, बांधकामाचे, कायद्याचे आणि माणसांचे, फिरून इथेच येऊन ठेपतात.

शहरातून डोंगरावर पळण्याची सोय आपल्याकडे पहिल्यांदा इंग्रजांनी स्वतःसाठी केली. महाबळेश्वर १८२८च्या सुमारास गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत वसलं. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याच्या नजरेत भरलं. मग पारशी, गुजराती धनिकांचे बंगले आले, आरोग्यधामं आली, 'हवापालट' हे औषधासारखं लिहून दिलं जाऊ लागलं. मराठी मध्यमवर्गाला त्याची फारशी गरज नव्हती, कारण त्याला गाव होतं. मे महिन्यात एसटीने कोकणात किंवा देशावर जायचं, विहिरीत पोहायचं, आंब्याच्या अढीजवळ झोपायचं, आणि शाळा उघडायच्या आधी काळं होऊन परत यायचं. ही सोय एका पिढीत संपली. गावातलं घर पडलं, किंवा वाटण्यांत अडकलं, किंवा तिथे आता कुणी राहत नाही. आजचा केबिनचा गिऱ्हाईक बहुधा या गाव सुटलेल्या पिढीचा मुलगा किंवा मुलगी आहे. हरवलेलं आजोळच तो रोख मोजून दोन रात्रींपुरतं भाड्याने घेतो, असं म्हटलं तर त्याला राग येऊ नये.

माथेरानकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण शांतता कशी टिकते याचं इतकं चांगलं उदाहरण जवळपास दुसरं नाही. तिथली शांतता एकाही हॉटेलवाल्याने निर्माण केलेली नाही. दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात म्हणून ती आहे. १९०७ पासून छोटी रेल्वे वर जाते, २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं, आणि मोटारबंदीचा नियम टिकला. त्या नियमाचा फायदा दोनशे रुपयांच्या खोलीपासून वीस हजारांच्या खोलीपर्यंत सगळ्यांना सारखा मिळतो. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी. पाहुण्यांच्या या निवांतपणाचं ओझं कित्येक दशकं माणसाने ओढायच्या रिक्षांवर होतं. २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. पाहुणा निवांत बसतो तेव्हा त्याचं सामान कुणीतरी उचललेलं असतं. केबिनच्या धंद्यातही ते कुणीतरी असतं. त्याच्याकडे पुढे वळू.

आज ज्या रूपात केबिन आपल्याकडे आली, ते रूप मात्र ब्रिटिशांचं नाही, गेल्या दहा वर्षांतलं आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत जॉन स्टाफ आणि पीट डेव्हिस या दोघांनी 'गेटअवे' नावाची कंपनी काढली. बॉस्टनपासून दोन तासांच्या आत, झाडांत, चाकांवरची छोटी घरं: एक पलंग, पलंगाएवढी खिडकी, बाहेर शेकोटी, वायफाय नाही, आणि आत मोबाइल बंद करून ठेवायला एक पेटी. ऑस्ट्रेलियात 'अनयोक्ड' आणि २०२०पासून ब्रिटनमध्ये 'अनप्लग्ड' यांनी तीच वाट धरली. 'अनप्लग्ड'मध्ये पाहुण्याचा फोन कुलपात जातो आणि अडीअडचणीला एक साधा जुना नोकिया आणि छापील नकाशा हातात मिळतो. तीन रात्री पैसे मोजून फोन काढून घ्यायला लावणं, ही कल्पना वीस वर्षांपूर्वी कुणी मांडली असती तर त्याला घरी बसवलं असतं. 'गेटअवे'चं पुढे 'पोस्टकार्ड केबिन्स' झालं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये बाराशेहून अधिक केबिनांसकट ते मॅरियटने विकत घेतलं. मोठ्या साखळी हॉटेलांपासून पळायला म्हणून निघालेली गाडी नऊ वर्षांत त्याच हॉटेलांच्या फाटकात उभी राहिली. यात टिंगल करण्यासारखं काही नाही; धंदा जमला की असंच होतं.

या कंपन्यांचं कर्तृत्व सुंदर केबिन बांधण्यात कमी आणि अंतर मोजण्यात जास्त आहे. दोन तासांच्या आत असल्यामुळे माणूस बुधवारी संध्याकाळी निघून शुक्रवारी सकाळी कामावर जाऊ शकतो. केबिन एकट्यासाठी किंवा दोघांसाठी असल्यामुळे तिथे टोळी जमत नाही. टोळी जमत नाही म्हणून नोकरवर्ग कमी लागतो. जेवण पाहुणा स्वतः करून घेतो. आपल्याकडे यातली एकही गोष्ट जशीच्या तशी लागू होत नाही. पुण्याहून पवनेला नकाशावर दीड तास. शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीच्या किंवा वाकडच्या कोंडीतून निघालेल्या माणसाला विचारा. आपला गिऱ्हाईक दोघांसाठी आरक्षण करतो आणि सहाजण घेऊन येतो, त्यात आजी असते, जिला जिना चढवत नाही, आणि एक लहान मूल असतं, ज्याला रात्री अकरा वाजता वरणभात हवा असतो. स्वतः स्वयंपाक करायला तो आलेलाच नसतो. किंबहुना घरातल्या बाईला स्वयंपाकातून सुटका हवी, हेच निम्म्या सहलींचं खरं कारण असतं. म्हणून आपल्याकडच्या केबिनवाल्याला इच्छा असो नसो, खानावळ चालवावी लागते. झुणका-भाकरी, कोंबडीचा रस्सा, सकाळी पोहे. ते जमलं नाही तर समोरचा सूर्योदय कितीही चांगला असो, पाहुणा पुन्हा येत नाही.

आता या धंद्याच्या मुळाशी जे गृहीत आहे, झाडांत माणूस बरा होतो, त्याचं काय? गृहीत खोटं नाही. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये 'सायन्स'मध्ये छापलेला अभ्यास अजून सगळे दाखवतात: पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती त्यांना, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा, तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, ही कल्पना लोकांपुढे ठेवली आणि नंतर तिच्याभोवती रक्तदाब, संप्रेरकं वगैरेंचं बरंच संशोधन उभं राहिलं. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की आठवड्यातून एकूण दोन तास निसर्गात घालवणारे लोक स्वतःच्या प्रकृतीबद्दल अधिक चांगलं सांगतात. ते दोन तास एकदम घालवले काय किंवा तुकड्यांनी, फरक पडत नाही. आठवड्यातून, हा शब्द महत्त्वाचा. वर्षातून एकदा तीन दिवस, असं ते संशोधन म्हणत नाही. उलट सुट्टीचा ताजेपणा कामावर परतल्यावर काही आठवड्यांतच विरतो, असं नेदरलँड्समधल्या अभ्यासांत वारंवार आढळलं आहे.

म्हणजे केबिनच्या जाहिरातीत 'बर्नआउटवर उपाय' असं लिहिणारा मालक संशोधनाच्या चार पावलं पुढे धावतोय. ज्याचा वरिष्ठ रात्री साडेअकराला मेसेज टाकतो त्याच्यावर पवनेकाठी उपाय नाही. पण याच संशोधनात धंद्याच्या दृष्टीने एक मोलाची सूचना दडली आहे, आणि ती फारशी कुणी उचललेली दिसत नाही: गिऱ्हाईक वर्षातून एकदा लांबून येण्यापेक्षा जवळून पाच वेळा यायला हवं. त्याच्या दृष्टीनेही ते बरं, आणि मालकाच्या दृष्टीने तर फारच बरं. का, ते आकड्यांत पाहू.

वर्षात बावन्न शनिवार-रविवार. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री धरल्या तर एकशे चार. उरलेल्या दोनशे एकसष्ट रात्री आठवड्यातल्या. समजा पाच केबिन बांधल्या, प्रत्येकी पंधरा लाखांत; त्यात संडास-बाथरूम, शोषखड्डा, पायवाट, वीज, पाण्याची टाकी सगळं आलं. जमीन वेगळी, ती वडिलोपार्जित आहे असं तूर्त मानू. शनिवार-रविवारी दोघांना जेवणासकट सहा हजार, आठवड्यात चार हजार. शनिवार-रविवारच्या तीन-चतुर्थांश रात्री भरल्या, म्हणजे अठ्ठ्याहत्तर; आठवड्यातल्या बारा टक्के भरल्या, म्हणजे एकतीस. एका केबिनचे जवळपास पाच लाख ब्याण्णव हजार, पाचांचे साडेएकोणतीस लाख. ऐकायला छान वाटतं. आता वजा करा: आरक्षणाच्या संकेतस्थळांचं कमिशन, पंधरा टक्क्यांच्या आसपास धरलं तरी साडेचार लाख, दोघांच्या जेवणाचा खर्च रात्रीला बाराशे धरला तर साडेसहा लाख, चार माणसांचा पगार, महिना पंधरा हजारांनी, सात लाख वीस हजार, डागडुजी पावणेचार लाख, वीज, पाणी, गाडी दोन लाख. हातात उरतात साडेपाच लाखांच्या आसपास. पंच्याहत्तर लाखांच्या कर्जावर दहा टक्क्यांनी नुसतं व्याज होतं साडेसात लाख. शनिवार-रविवारी तुडुंब भरलेला, इन्स्टाग्रामवर हजारो चाहते असलेला हा धंदा आतबट्ट्याचा आहे, आणि मालकाला ते बहुधा तिसऱ्या वर्षी कळतं.

याच हिशेबात एकच आकडा बदला. आठवड्यातल्या रात्री बाराच्या ऐवजी तीस टक्के भरा. जेवण आणि कमिशन वजा जाऊन वर पाच लाखांहून अधिक पडतात, आणि पगार, डागडुजी जवळजवळ तेवढीच राहते. म्हणजे हा धंदा मंगळवारी जगतो किंवा मरतो. शनिवारचा गिऱ्हाईक कुणीही आणेल. मंगळवारी कोण येतं? निवृत्त जोडपं येतं, घरून काम करणारा येतो, लिहिणारे-चित्र काढणारे येतात, पक्षी पाहणारे येतात, आणि मागे एकदा येऊन गेलेला, जवळ राहणारा माणूस येतो. या कुणालाही स्विमिंग पूल आणि डीजे नको असतो. यांना आजूबाजूचं खोरं शांत हवं असतं. जे खोरं शनिवारच्या गिऱ्हाइकासाठी बिघडलं, तिथे मंगळवारचा गिऱ्हाईक फिरकत नाही.

कराचं थोडक्यात. सप्टेंबर २०२५पासून रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी बाराचा पाच टक्के झाला. त्यावरच्या खोलीवर अठरा कायम आहे. पाच टक्क्यांच्या सवलतीत बांधकामावर, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, हे लक्षात ठेवावं. सात हजार चारशे नव्याण्णव रुपयांच्या खोल्या पुढे पुष्कळ दिसतील.

जमिनीपाशी मात्र बऱ्याच शहरी स्वप्नांचं घोडं अडतं. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४८च्या कूळवहिवाट कायद्याचं कलम ६३ आडवं येतं. घेतली तरी तिचा व्यापारी वापर करायचा तर अकृषिक परवानगीचा प्रश्न उभा राहतो. त्यावर हल्ली एक शक्कल सांगितली जाते: केबिन चाकांवर ठेवा, म्हणजे ते बांधकामच नाही. युक्तिवाद ऐकायला बरा, पण जमीन शेतीसाठी वापरली जाते की पाहुण्यांसाठी, हा प्रश्न चाकांनी सुटत नाही. शिवाय शोषखड्ड्याला चाकं नसतात. वनजमिनीची हद्द, धरणाच्या पूररेषेची हद्द, कोकणात सागरी नियमन क्षेत्र, हे सगळं प्लॉट दाखवणारा एजंट क्वचितच सांगतो. पश्चिम घाटाबाबत गाडगीळ समितीचा अहवाल २०११चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३चा. त्यानंतर केंद्राच्या प्रारूप अधिसूचना एकामागून एक निघत राहिल्या, २०२४ मध्ये सहावी निघाली. ज्या गावात आपण केबिन बांधणार ते त्या यादीत आहे का, हे पाहायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास वाचवून बांधलेलं पुढे पाडायला जास्त वेळ लागतो.

ज्याच्याकडे मुळात जमीन आहे तो शेतकरी या बाबतीत शहरी नवख्यापेक्षा मैलभर पुढे आहे. पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये बारामतीजवळ कृषी पर्यटन सुरू केलं तेव्हा लोकांना ते थोडं गमतीचं वाटलं होतं: शेत बघायला कोण पैसे देणार? आज राज्यभर अशी शेकडो केंद्रं आहेत, १६ मे हा कृषी पर्यटन दिन म्हणून पाळला जातो, आणि २०२० मध्ये राज्याने त्यासाठी स्वतंत्र धोरण आणलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची सोय केली. या केंद्रांवर हुरडा असतो, बैलगाडी असते, मुलांचा गलका असतो. शांतता शोधणाऱ्याला तिथे जरा गजबज वाटेल. पण त्यांच्या हिशेबात एक गोष्ट पक्की आहे. पाहुणा आला नाही तरी ऊस, भात, कांदा उभा असतो. केबिन हा शेतीला जोडधंदा असला की मंगळवार तितका अंगावर येत नाही. नोकरी सोडून, कर्ज काढून, निव्वळ केबिनवर जगू पाहणाऱ्याने आधी अशा एखाद्या शेतकऱ्याशी भागीदारी करता येते का ते बघावं. जमीन त्याची, भांडवल आणि गिऱ्हाईक आपलं, करार नीट लिहून नोंदवलेला. हौसेला मोल नसतं हे खरं, पण व्याजाला असतं.

बांधकामाबद्दल सांगायचं तर सह्याद्रीचा पाऊस हा एकच परीक्षक आहे. लोणावळा, मुळशी, ताम्हिणी या पट्ट्यात चार महिन्यांत चार-पाच हजार मिलिमीटर कोसळतो. त्रिकोणी छताची, पुढून पूर्ण काचेची केबिन फोटोत देखणी दिसते. तीच जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आतून बघावी. प्लायवूडचं कपाट फुगून दार लागत नाही. गादीला हात लावला तर गार, ओलसर लागते. चामड्याच्या पट्ट्यावर, पुस्तकाच्या कडेवर पांढरी बुरशी. काचेला आतून दव धरलेलं, म्हणजे ज्या दृश्यासाठी काच लावली ते दृश्य दिसतच नाही. छताला पुढे पाखी काढलेली नसल्याने पावसाची तिरकी सर थेट उंबऱ्यावर, आणि पाहुणा चपला आत आणतो. वीज दुपारपासून गेलेली. इन्व्हर्टर रात्री नऊपर्यंत तग धरतो. त्याच गावात दोनशे पावलांवर कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं, कौलारू घर असतं. त्याची पाखी माणसाच्या खांद्यापर्यंत खाली आलेली, पडवीला पावसाच्या बाजूने झड बांधलेली, आणि आत चूल पेटती. चुलीचा धूर डोळ्यांत जातो खरा, पण वासे-कामट्या कोरड्या राहतात, वाळवी लांब राहते, वर टांगलेलं बियाणं टिकतं. शहरी पाहुण्याला धूर चालणार नाही, हे मान्य. पण खोल पाखी, उंच जोतं, आडवा वारा खेळेल अशी समोरासमोर खिडकी, आणि काच फक्त एका बाजूला, एवढं त्या घराकडून घ्यायला वास्तुविशारदाची फी लागत नाही.

उताराचं प्रकरण याहून गंभीर. दृश्य हवं म्हणून केबिन डोंगराच्या कुशीत जाते, तिथे जायला जेसीबीने रस्ता कापला जातो, सपाटीसाठी टेकडीचा पाय खणला जातो, पाण्याची जुनी वाट बुजते. दरडीखाली माळीण ३० जुलै २०१४ला गेलं, तळीये जुलै २०२१ मध्ये, इर्शाळवाडी जुलै २०२३ मध्ये. या तिन्ही ठिकाणी केबिन नव्हत्या, आणि प्रत्येकाची कारणं वेगळी. पण सह्याद्रीचा उतार मुसळधार पावसात काय करू शकतो हे कळायला यापेक्षा जास्त पुरावा लागू नये. दरीच्या टोकावरची केबिन पावसाळ्यात बंद ठेवायची तयारी असेल, तरच ती बांधावी. आणि आपल्याकडे पावसाळा हाच ऐन हंगाम, म्हणजे उत्तर बहुतेकांनी स्वतःच काढावं.

पाण्याचाही असाच गुंता. जुलैत पागोळ्या मोजणारं गाव एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहतं, कारण काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. पाच केबिनांचे शॉवर आणि धुणं चालवणारा मालक त्याच बोअरवर असतो. पवनेच्या खोऱ्यात तर पाणी हा नुसता सोयीचा विषय नाही. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाखाली गेलेल्या गावांचे पुनर्वसनाचे प्रश्न अजून रेंगाळत आहेत, आणि ९ ऑगस्ट २०११ला पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याविरुद्धच्या आंदोलनात द्रुतगती मार्गावर बऊरजवळ गोळीबार होऊन तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. ज्या पाण्याला पाहुणा 'लेकव्ह्यू' म्हणून वरचे हजार रुपये देतो, त्याच्या तळाशी कुणाची तरी शेतं आहेत. ज्याला त्या खोऱ्यात धंदा करायचा आहे त्याने हा इतिहास गावातल्या म्हाताऱ्यांकडून समजून घ्यावा. भावनेपोटी नव्हे, उद्या रस्त्यावरून, पाण्यावरून, जत्रेच्या आवाजावरून वाद होईल, तेव्हा समोरचा माणूस कुठून बोलतोय हे कळावं म्हणून.

पवनेच्या काठाने तंबूंची जी लाट आली तिच्यात ही सगळी दुखणी एकदम दिसतात. आरंभी चार-दोन स्थानिक पोरांनी काठावर तंबू लावले, चुलीवरचं जेवण, तारे, सकाळी धुकं. बरं चाललं. मग शेजाऱ्याने लावले. मग बाहेरच्याने जागा भाड्याने घेतली. दर पडले, दर पडले म्हणून गर्दी वाढवावी लागली, गर्दी टिकवायला स्पीकर आला, बार्बेक्यू आलं, रात्री पाण्यात उतरणारे आले. बुडून मेलेल्यांच्या बातम्या आल्या, पोलिसांचे निर्बंध आले. ज्या शांततेच्या जोरावर पहिला तंबू उभा राहिला होता ती कुणा एकाने संपवली नाही, सगळ्यांनी थोडी थोडी खाल्ली. भंडारदऱ्याच्या काजव्यांचंही तेच. मेअखेर, पहिल्या सरींआधी झाडंच्या झाडं लुकलुकतात. नर काजवा त्या उजेडातून मादीला साद घालतो, आणि मोटारींच्या दिव्यांत, मोबाइलच्या टॉर्चमध्ये ती साद हरवते. दरवर्षी वनविभागाला प्रवेशाच्या वेळांवर निर्बंध घालावे लागतात. त्याच अकोले तालुक्यात पुरुषवाडीसारखं गाव आहे, जिथे पाहुणे गावाच्या व्यवस्थेने येतात आणि काम घराघरांत वाटलं जातं. तिथे गर्दी होत नाही असं नाही, पण गर्दी किती झाली हे ठरवणारं कुणी तरी गावात असतं. आणि धोका फक्त गर्दीचा नसतो. केरळात वायनाडमध्ये जानेवारी २०२१ मध्ये मेप्पाडीजवळ तंबूत उतरलेल्या एका पर्यटक स्त्रीला हत्तीने मारलं. त्या तंबूंना परवाना नव्हता. जंगलाच्या कडेला राहणं हे विकायचं असेल तर जंगलात कोण कोण राहतं हेही सांगावं लागतं.

आणि तो सामान उचलणारा. केबिनच्या धंद्यात त्याला केअरटेकर म्हणतात. तो गावातलाच असतो, बायको स्वयंपाक करते, पोरगं सुट्टीत पाणी भरतं. मालक पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकतो. पाहुण्याच्या फोनला पेटी असेल, याचा फोन मात्र रात्री एकलाही वाजतो: गरम पाणी येत नाही, बाथरूममध्ये पाल आहे, बर्फ कुठे मिळेल. दारू प्यालेल्या आठजणांना आवाज कमी करा असं सांगायचं काम त्याचं, आणि त्यांनी एक तारा दिला की शिव्या खायचंही त्याचंच. शहरातला ताण इथे नाहीसा होत नाही, तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकतो. पंधरा हजारांत हे सगळं करणारा माणूस दोन वर्षांत सोडून जातो किंवा समोरच्या शेतात स्वतःचे तंबू लावतो, आणि दुसरं केलं तर त्याला दोष देता येत नाही. ज्यांनी केअरटेकरला पगाराबरोबर उत्पन्नात वाटा दिला, आठवड्याचा एक दिवस खरोखर रजा दिली आणि पाहुण्याला नाही म्हणायचा अधिकार दिला, त्यांच्याकडे माणसं टिकतात. गिऱ्हाईक पुन्हा येतं ते बहुधा याच माणसाकडे, केबिनकडे नव्हे.

मग खोऱ्याचं काय? एकट्या मालकाला ते राखता येत नाही, पण राखता येतंच नाही असंही नाही. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, आणि फुलांच्या हंगामात तिथे इतकी झुंबड उडू लागली की फुलं तुडवली जाऊ लागली. वनविभागाने आणि आसपासच्या गावांच्या समित्यांनी मिळून दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली, आरक्षण ऑनलाइन केलं, शुल्क लावलं, गावातलीच पोरं मार्गदर्शक आणि राखणदार झाली. भांडणं होतात, शनिवार-रविवारी मर्यादा ताणली जाते, कुंपणावरून वाद झाले. तरीही किती माणसं आत सोडायची, हा आकडा ठरवणारी एक यंत्रणा तिथे आहे, आणि शुल्काचा पैसा गावात राहतो.

पवनेच्या, मुळशीच्या, भंडारदऱ्याच्या काठाला असा आकडा नाही. तो ठरवायचा तर जलसंपदा विभाग, वनविभाग, आणि सगळ्यांत आधी ग्रामसभा एकत्र यायला हव्यात: काठाला किती केबिन, किती तंबू, रात्री कितीनंतर स्पीकर बंद, मैला कुठे जाणार, टँकर कुणाच्या खर्चाने. यात केबिनवाल्यांचा स्वार्थ सगळ्यांत मोठा आहे, कारण त्यांचा मंगळवार यावर अवलंबून आहे. अडचण एवढीच की त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं मतदार यादीत नाव कोथरूडला किंवा ठाण्याला आहे. ग्रामसभेत त्यांना हात वर करता येत नाही, आणि केअरटेकरला येतो.